शनिवार-रविवार तोमारला

लिस्बनमध्ये नोकरी करणाऱ्या लेकीकडे अण्णा आणि काकू सांगलीहून आले, त्याला अडीच आठवडे होऊन गेले होते. येत्या मंगळवारी परतीचे विमान. लेक सकाळी आठला घराबाहेर पडे आणि परते तेव्हा ऑक्टोबरचा सूर्य मावळलेला असे. आई-वडिलांचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आयुष्यभराचा. त्यामुळे एकाच घरात राहूनही तिघांची पाने एकत्र अशी मांडली गेलीच नाहीत. रात्री लेक एकटी जेवायला बसे आणि काकू समोरच्या खुर्चीवर बसून तिला वाढत.

उरला होता एक शनिवार आणि एक रविवार. लेकीने दोन दिवसांसाठी तोमारला जाण्याचे सुचवले. रेल्वेने सुमारे दोन तास, स्टेशनपासून गाव पायी जाण्याइतके जवळ, मधून वाहणारी नबाँव नदी आणि माथ्यावर किल्ला. पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना ओळखपत्र दाखवल्यास निम्मे भाडे, हे कळताच अण्णांनी अनुमती दिली. निवृत्त माणसाला सवलतीच्या तिकिटात जो आनंद मिळतो, तो तिकिटाच्या रकमेत मोजता येत नाही.

अण्णा पाटबंधारे खात्यात अभियंता होते. बेत आखायचा तर तो कागदावर, तासांचे रकाने पाडून, हा त्यांचा शिरस्ता. दोन संध्याकाळी खपून त्यांनी सतरा नोंदींचे वेळापत्रक सिद्ध केले. पहिली नोंद अर्थातच टेकडीवरचा ख्रिस्ताचा मठ. ११६० साली टेम्पलर सरदारांचा प्रमुख गुआल्दीं पाइश याने येथे किल्ला बांधायला घेतला. पुढे १३१२ मध्ये पोपने तो पंथच बरखास्त केला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये त्याच मालमत्तेवर ‘ख्रिस्ताचा पंथ’ उभा केला. जुनी पेढी नव्या नावाने चालू ठेवण्याचा हा प्रकार व्यवहारी माणसाला चटकन उमगावा. याच पंथाचा क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज गलबते आपल्या किनाऱ्याला लागली. १५८१ मध्ये याच गावी भरलेल्या सभेने स्पेनच्या राजाला पोर्तुगालचाही राजा मानले आणि १६४० पर्यंत गोवाही त्याच राजघराण्याच्या छत्राखाली गेला. मठाची ती प्रख्यात खिडकी, जिच्या चौकटीभोवती दगडातून दोरखंड आणि समुद्रवनस्पती कोरल्या आहेत, ती त्या सागरी वैभवाच्या भरातली.

परंतु अण्णांचे खरे मन गुंतले होते ते मठाला पाणी पुरवणाऱ्या पेगोइशच्या जलसेतूत. काम सुरू १५९३ साली, पूर्ण १६१४ साली. लांबी सुमारे सहा किलोमीटर, कमानी एकशे ऐंशी. केवळ उताराच्या बळावर पाणी डोंगरदऱ्या ओलांडून टेकडीवर आणलेले. त्याकरिता त्यांनी वेळापत्रकात साडेतीन तास राखून ठेवले होते, त्यातला बराच भाग पायी.

काकूंचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. त्या याविषयी काही बोलल्या नाहीत.

जेवणाची बाब मात्र त्यांच्या अखत्यारीतली होती, आणि ती सोपी नव्हती. तिथल्या हिरव्यागार सुपाचा, काल्दू व्हेर्दचा, पायाच बटाट्याचा आणि वर सॉसेजची चकती. तोमारची खास मिठाई फातियास म्हणजे निव्वळ अंड्याचा बलक, वाफेवर शिजवून पाकात मुरवलेला. रात्रीचे उपाहारगृह उघडायचे साडेसातच्या आसपास, म्हणजे सूर्यास्तानंतर. लेकीने आईला दोन शब्द शिकवले, ‘सें बटाटा’, म्हणजे बटाट्याशिवाय. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनीच आपल्याला दिला, पावही त्यांचाच. काकूंना त्यांच्याच देशात त्यांचाच शब्द वापरून तो पदार्थ नाकारायचा होता, याचे त्यांना मोठे हसू आले. चीजचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. सेर्रा द इश्त्रेलासारखे मेंढीच्या दुधाचे काही पारंपरिक पोर्तुगीज चीज वासराच्या जठरातल्या रसाने नव्हे, तर एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्याने विरजतात. अण्णांनी वेष्टनावरचा मजकूर लेकीकडून दोनदा वाचून घेतला, मगच ते पिशवीत गेले. बाकी भिस्त फळांवर, पावावर आणि घरून न्यायच्या दशम्यांवर.

गुरुवारी रात्री लेक जेवत असताना अण्णांनी वेळापत्रक वाचून दाखवले. सहाव्या नोंदीपर्यंत सारे शांत होते. सहावी नोंद जुन्या गल्लीतल्या सिनेगॉगची होती. अण्णांनी तिला वीस मिनिटे दिली होती. लेक म्हणाली, “अण्णा, तिथे जरा जास्त वेळ ठेवा.” ती एकदा मैत्रिणींबरोबर जाऊन आली होती. चार खांबांवर तोललेली एक चौकोनी खोली, एवढेच ते प्रार्थनास्थळ. भिंतींच्या कोपऱ्यांत मातीचे घट बसवले आहेत, आवाज घुमावा म्हणून. पंधराव्या शतकाच्या मध्याला ते बांधले आणि १४९६ मध्ये राजाज्ञा निघाली की ज्यूंनी धर्म तरी बदलावा किंवा देश तरी सोडावा. बांधणाऱ्यांच्या नातवंडांनाही तिथे धड प्रार्थना करता आली नसेल. पुढे त्या वास्तूचा तुरुंग झाला, मग कोठार. १९२३ मध्ये सामुएल श्वार्त्स या खाण अभियंत्याने ती विकत घेतली आणि पुढे संग्रहालयासाठी सरकारला दिली. संग्रहालयाला नाव आहे अब्राहम झकूतोचे. त्याची खगोलकोष्टके वास्को द गामाच्या सफरीला उपयोगी पडली आणि त्यालाही अखेर तो देश सोडावा लागला.

“तिथे आता प्रार्थना करणारे कोणीच नाही का गं?” काकूंनी विचारले.

“गावात तो समाजच उरला नाही, आई.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. लेकीच्या फ्लॅटमधल्या फडताळात एक छोटी मूर्ती होती. तिच्यापुढची वाटी आल्या दिवसापासून काकूच घासून भरत होत्या. मंगळवारनंतर ती कोण भरणार, हा प्रश्न त्यांनी लेकीला विचारला नव्हता, आणि तेव्हाही विचारला नाही. त्या नवऱ्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, “अहो, सतरा ठिकाणे झाली. या कागदात आपली पोरगी किती वाजता आहे?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत त्यांच्या आराखड्यावर वरिष्ठांनी हरकती घेतल्या होत्या, पण इतकी नेमकी हरकत क्वचितच कोणी घेतली असेल. त्यांनी पेन्सिल घेतली. प्रथम जी गेली ती उद्याने आणि किरकोळ चर्च. दर चार वर्षांनी भरणाऱ्या ताबुलेरूश उत्सवाचे संग्रहालय गेले. डोक्यावर स्वतःच्या उंचीइतकी पावांची उतरंड घेऊन मुली जिथे मिरवतात, तो उत्सव आता २०२७ च्या जुलैत. तेव्हाचे तेव्हा पाहू. मठ राहिला, मात्र चढाला टॅक्सी. सिनेगॉगला पाऊण तास. जलसेतूपाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. लेक म्हणाली, “तो रेल्वेने येताना दिसत नाही, पण टॅक्सीवाल्याला सांगून एक कमान तरी पाहू.” साडेतीन तासांच्या जागी अण्णांनी लिहिले, ‘वाटेत, पंधरा मिनिटे’.

शनिवारी दुपारनंतरचा रकाना आता मोकळा पडला. काकूंनी कागद ओढून घेतला आणि शनिवारचा सूर्यास्त किती वाजता ते लेकीला विचारले. पावणेसातच्या सुमारास, ती फोनमध्ये पाहून म्हणाली. काकूंनी अण्णांची पेन्सिल घेऊन साडेपाचपुढे आपल्या हाताने लिहिले: ‘नदीकाठ. दशम्या, चीज, द्राक्षे. तिघांनी जेवणे.’