लावणीच्या दिवसांतली सुटी

पावसाळा आणि सुटी हे दोन शब्द आमच्या घरात कधी एकत्र नांदले नाहीत. वसईच्या शेतकरी कुटुंबात सुटी म्हणजे मे महिना. आणि तीही लग्नकार्ये, लोणची-पापड आणि पावसापूर्वी कौले चाळणे यांतून उरेल तेवढीच. मृगाची पहिली सर आली की घरातला प्रत्येक हात शेताच्या नावे लागे. शाळकरी मुलांनाही सकाळी आवणाच्या चार मुठी खाचरात पोहोचवूनच दप्तर उचलावे लागे. सेमिनरीत दाखल झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात आम्हांला उमगले, की खिडकीशी बसून पाऊस नुसता पाहताही येतो. त्या शोधाचा आनंद झाला, तशी थोडी शरमही वाटली.

यंदा मात्र ऐन जुलैत आमचे सारे कुटुंब चार दिवस डोंगरात जाऊन राहिले. थोरल्या बंधूंचा मुलगा कॅनडात स्थायिक झाला आहे आणि तिकडच्या शाळांना उन्हाळी सुटी असते ती जुलै-ऑगस्टात. सहा वर्षांनी तो बायकामुलांसह आला होता. ‘आजी आहे तोवर सगळे एकत्र कुठे तरी जाऊ,’ हा त्याचा हट्ट. ज्येष्ठ सदस्या आमची आई, वय ८४. कनिष्ठ सदस्य तिचा पाच वर्षांचा पणतू. धर्मग्रामाची जबाबदारी सहायक धर्मगुरूंवर सोपवून आम्हीही भाड्याच्या गाडीत बसलो. एकंदर माणसे चौदा, पिढ्या चार आणि छत्र्या नऊ.

आईला दूरचा प्रवास झेपत नाही, म्हणून जव्हार ठरले. मुकणे राजघराण्याच्या संस्थानाची ही जुनी राजधानी. पूर्वी तिला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि वसई व जव्हार एकाच नव्या जिल्ह्यात आली. मनोरला महामार्ग सोडला आणि विक्रमगडच्या पुढे चढण लागली, तसे धुके गाडीच्या काचांना येऊन भिडले. पणतवाने विचारले, “फादरकाका, ढग खाली पडले का?” आम्ही धर्मशास्त्र शिकलो आहोत, हवामानशास्त्र नव्हे. म्हणालो, “आपण वर आलो.”

या सहलीमागे आणखी एक कारण होते. ते सर्वांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नव्हते. आमचे एकच भातशेत उरले आहे, बत्तीस गुंठ्यांचे. आजूबाजूला मातीभराव होऊन इमारती उभ्या राहिल्या, नाले अरुंद झाले. २०१८ च्या जुलैत वसई दिवसेंदिवस पाण्यात होती, तेव्हापासून त्या शेतातले पाणी वेळेवर ओसरत नाही. लावलेले रोप कुजते. मजूर मिळत नाहीत. यंदा प्रथमच ते शेत पडीक राहिले. धाकट्या बंधूंच्या मते ते आता विकावे. थोरल्यांच्या मते वाडवडिलांची जमीन विकणे म्हणजे स्वतःला विकणे. आम्ही गुरुदीक्षेच्या वर्षीच हक्कसोड पत्र करून दिलेले असल्यामुळे दोघेही आम्हांला मन मोकळे करण्याचे ठिकाण समजतात. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. थोरले बंधू बँकेतून निवृत्त झाले असून स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये राहतात. चिखलात उभा राहतो तो धाकटा. मातीविषयी हळवे बोलणारा एक आणि मातीत वाकणारा दुसरा, असे दृश्य आम्ही आमच्याच नव्हे, अनेक घरांत पाहिले आहे.

पहिले दोन दिवस पावसाने दार उघडू दिले नाही. अशा वेळी चौदा माणसांचे कुटुंब म्हणजे काय, ते कळते. एका खोलीत पत्ते, दुसरीत ओल्या कपड्यांच्या दोऱ्या. निवासाच्या स्वयंपाकिणीने करटोली आणि हंगामातली शेवटची शेवळे आणली, तेव्हा आई उठून चुलीपाशी गेली. शेवळे काकडांवाचून शिजवली तर घसा खाजतो, हे तिने त्या बाईंना सांगितले. त्या बाईंनी हसून फडक्यात बांधलेली काकडे दाखवली. संध्याकाळी वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडात रोझरी होई. कॅनडाच्या मुलांना मराठी प्रार्थना अर्धवट येत, पण ‘आमेन’ इतक्या मोठ्याने म्हणत, की बाकीची उणीव भरून निघे.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. दाभोसाचा धबधबा सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो. तरुण मंडळींना जवळ जायचे होते, पण पावसाळ्यात तेथील खडक फार निसरडे होतात, म्हणून आम्ही सर्वांनी तो दुरूनच पाहिला. खरे पाहिले ते परतताना. रस्त्याच्या कडेला उतारावर पायऱ्यांसारखी खाचरे होती आणि वारली बायका लावणी करीत होत्या. आईने गाडी थांबवायला सांगितली.

ती काठी टेकीत बांधापाशी गेली. धाकटे बंधू छत्री घेऊन मागे. एक साठीची बाई कंबर सरळ करून उभी राहिली. आईने विचारले, “बाय, आवण किती दिवसांचं?” ते ऐकून ती बाई ओळखीचे हसली. मग दोघींचे सुरू झाले: राब कुठे भाजला, बी कोणते, पाऊस यंदा कसा लागला. बोलता बोलता ती म्हणाली, “आम्ही पण यायचो तुमच्याकडं. आगाशीला, नाळ्याला. आधी तिकडची लावणी, मग आमची.”

आमच्या लहानपणी या डोंगरांतून माणसे वसईत लावणीला येत, हे आम्हांला आठवत होतेच. त्यांचे गाव कोठे आहे, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी पाहिले नव्हते. आईने विचारले, “मग आमच्याकडं नीट वागवायचे का?”

ती बाई क्षणभर थांबली. “भात पोटभर मिळायचा. सुकटही असायची. निजायला गोठा.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. विचारले म्हणून तिने सांगितले. गोठा आमचा होता की दुसऱ्या कोणाचा, हे आईने विचारले नाही. आमच्या घरी सणासुदीला एक गोष्ट हमखास निघते, की मजुरांना आपण घरच्यासारखे जेवू घालत असू. ती गोष्ट खोटी नाही. तिच्यात गोठा येत नाही, एवढेच. १९९२ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि जव्हारचे नाव देशभर गाजले, तेव्हा आम्ही तरुण होतो, सभांतून तळमळीने बोलत होतो. त्या बातम्यांतल्या आया आणि आमच्या शेतातल्या आया एकाच डोंगरातल्या होत्या, हे त्या सभांत कोणी म्हटल्याचे स्मरत नाही.

आईने वाकून पेंढीतून एक मूठ घेतली, मुळांवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि पणतवाच्या हाती दिली. पोराने ती फुलांच्या गुच्छासारखी धरली. ती बाई म्हणाली, “असं नाही रे,” आणि त्याचा हात धरून तिने चार रोपे चिखलात रोवून घेतली. त्यांतली दोन लगेच आडवी झाली.

त्या रात्री जेवणानंतर थोरल्या बंधूंनीच विषय काढला. आवाज चढले. मुलाबाळांना दुसऱ्या खोलीत पाठवले. आम्ही मध्यस्थीसाठी घसा साफ केला, पण आईने हाताने थांबवले. ती धाकट्याला म्हणाली, “तू दमलास. ते मला कळतं, त्यासाठी भांडायला नको.” मग थोरल्याकडे वळून म्हणाली, “तू पुढल्या मृगाला शेतात उतर. एक लावणी कर, एक कापणी कर. मग विकायचं की ठेवायचं ते सांग. सही मी तेव्हा देईन.”

थोरले बंधू म्हणाले, “आई, मी बासष्ट वर्षांचा आहे.”

“ती बाय साठीची होती,” आई म्हणाली आणि पांघरूण ओढून झोपली.

पाण्याचा निचरा होणार नसेल, तर नुसत्या कष्टाने ते शेत वाचणार नाही, हे आम्ही जाणतो. धाकट्या बंधूंचा हिशेब आजही खरा आहे, आणि त्यांच्या मुलाचे शिक्षणाचे कर्जही. पुतण्या सहकुटुंब कॅनडाला परतला. शेतात गवत गुडघाभर वाढले आहे.

परवा थोरल्या बंधूंचा धर्मग्रामात फोन आला. आम्हांला वाटले, मिस्साच्या हेतूसाठी असेल. त्यांना हवे होते एवढेच, की राब भाजायला पालापाचोळा कोणत्या महिन्यापासून साठवायचा. आम्ही म्हटले, धाकट्याला विचारा.