ख्यालीखुशाली आणि दुरुस्ती

मोटारीची हौस असलेली दोन माणसे दुरुस्तीविषयी बोलू लागली म्हणजे त्यांचे बोलणे सरळ कार्बोरेटरपाशी कधीच जात नाही. ते आधी पावसापाशी थांबते, सोयाबीनच्या भावाची विचारपूस करते, कोणाच्या मुलीचा निकाल लागला आणि कोणाच्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कसे झाले याची सविस्तर हकीकत ऐकते, आणि मग चहाचा दुसरा कप समोर आल्यावर ‘गाडी अलीकडे सकाळी लवकर सुरू होत नाही’ हे मूळ गाऱ्हाणे सावकाश पुढे येते. तिऱ्हाइताला हा सारा कालापव्यय वाटतो. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत विखुरलेल्या आमच्या लहानशा मंडळात दीर्घकाळ वावरल्यानंतर माझे मत मात्र नेमके उलट झाले आहे: त्या ख्यालीखुशालीतच पुष्कळदा बिघाडाचे अर्धे निदान दडलेले असते, आणि ती ऐकून घेतल्यावाचून दिलेला सल्ला कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी तो कोणा दुसऱ्याच्याच गाडीला लागू पडणारा असतो.

आमचे मंडळ ही काही दफ्तरी नोंद असलेली संस्था नव्हे. नांदेडला वर्कशॉप कॉर्नरच्या बाजूस एका स्नेह्यांच्या अंगणात रविवारी सकाळी चारदोन गाड्यांची बॉनेटे उघडतात, लातूरची मंडळी औसा रोडवर तोच शिरस्ता पाळतात, आणि लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने कोणी इकडून तिकडे निघाला की त्याच्याबरोबर एखादा गॅस्केट, एखादी फॅन बेल्ट आणि घरोघरचे निरोप रवाना होतात. माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाट 1100 च्या आराखड्यावरून तयार झालेली. लातूरच्या एका वकीलसाहेबांकडे अँबॅसडर आहे, उदगीरकडच्या एका बागाईतदाराकडे जुनी जीप आहे, आणि बाकी बहुतेकांपाशी मारुती 800, जिची पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जिचे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले. त्याच वर्षी उत्तरपाड्यास अँबॅसडरही बंद झाली, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. ज्या गाड्यांना त्यांचा कारखानाच पारखा झाला, त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान आता माणसांपाशीच उरले आहे.

या ज्ञानाला आमच्या भागात मागची परंपरा आहे. निजाम सरकारने 1932 साली आपल्या रेल्वेच्या जोडीला सरकारी मोटारसेवा सुरू केली, ती 27 बसगाड्यांनिशी. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्याच अमलाखाली होता. जुन्या गॅरेजांतून अजूनही मुख्य मिस्त्रीला उस्ताद म्हणतात, आणि हाताखालचा पोरगा आधी पाने पुसायला, मग पाने ओळखायला आणि फार पुढे नट फिरवायला शिकतो. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून आलेल्या एखाद्या ट्रकवाल्याची गाडी नांदेडात अडली, तर त्याची भाषा आणि उस्तादाची भाषा निराळी असूनही इंजिनाच्या आवाजावर दोघांची मसलत बिनहरकत चालते. असे उस्ताद मी जवळून पाहिले आहेत. पाना हाती घेण्यापूर्वी ते प्रश्न विचारतात, आणि त्यांतले निम्मे प्रश्न गाडीविषयी नसतात. गाडी कोण चालवते, कुठवर जाते, उन्हात उभी असते की सावलीत, पाणी कुठले भरता. जुना वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी घरचे खाणेपिणे विचारी, तशीच ही चौकशी.

आमच्या मंडळातली एक हकीकत या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. लातूरच्या एका स्नेह्यांची कार्बोरेटरची मारुती 800 अकस्मात मिसिंग मारू लागली. प्लग काढावेत तर तिन्ही काजळीने काळेकुट्ट. कोणी म्हणाले फ्लोट बिघडला असेल, कोणी जेट बदलण्याची शिफारस केली, कोणी एअर फिल्टरवर ठपका ठेवला. प्लग पुसून बसवले की गाडी आठवडाभर ठीक चाले आणि पुन्हा तीच तक्रार. या गृहस्थांची कन्या त्या वर्षी नीटच्या परीक्षेची तयारी करीत होती. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून महाराष्ट्रभरातून मुले ज्या गावी येतात, तिथल्याच मुलीची दिनचर्या ती काय निराळी असणार. बोलता बोलता ते म्हणाले, ‘पहाटे पोरीला क्लासला सोडायचं, परत यायचं, दुपारी पुन्हा तेच. औरंगाबादच्या खेपा बंदच झाल्या, सर. गाडी आता गावाच्या बाहेर जातच नाही.’ अंगणातले एक वयस्क फिटर तेवढ्यावर थांबले. कारण त्या वाक्यातच होते. पूर्वी लांबच्या प्रवासावर असणारी गाडी आता दीडदोन किलोमीटर जाई, तीही पहाटे चोक ओढून. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होई. चोकमुळे जादा गेलेले पेट्रोल नीट जळत नसे आणि त्याची काजळी प्लगवर बसे, कारण प्लगला स्वतःची काजळी जाळून टाकण्याइतकी उष्णता लाभतच नव्हती. फिटरमामांनी एकही पुर्जा बदलायला सांगितला नाही. ‘चोक लवकर आत सारीत जा, अन् रविवारी पोरीला बसवून औशापर्यंत जाऊन येत जा,’ एवढाच त्यांचा उपाय होता. प्लग स्वच्छ राहू लागले, आणि आठवड्यातून एकदा त्या मुलीलाही पुस्तकांबाहेरचे जग दिसू लागले.

दुसरे उदाहरण पाण्याचे. लातूरची पाणीटंचाई साऱ्या देशाने 2016 च्या एप्रिलमध्ये पाहिली, जेव्हा मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत भरलेले पाणी त्या शहराला पाठवावे लागले आणि पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात आमच्या बोलण्यात गाडी धुणे हा विषयच निषिद्ध होता; ओल्या फडक्याने काचा पुसाव्यात आणि बाकी धूळ पावसावर सोपवावी, असा अलिखित हुकूम सर्वांनी पाळला. तशा दिवसांत कोणाच्या घरी खोल बोअरला पाणी लागल्याची वार्ता म्हणजे पेढे वाटण्याजोगा प्रसंग. अशीच वार्ता एका मित्राने मोठ्या आनंदाने कळवली, आणि पुढे काही महिन्यांनी त्याच मित्राचा फोन आला, ‘काका, गाडी लई गरम होऊलाली.’ अहमदपूरच्या चढावर काटा लाल रेषेला भिडत होता. दोन्ही वार्ता ज्याच्या ध्यानात होत्या त्याला तर्क करणे कठीण गेले नाही. खोल खडकातले पाणी क्षारांनी जड असते. ते रेडिएटरात तापले की चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार नळ्यांच्या आतल्या अंगाला थरावर थर बसतात, आणि पाणी फिरत असूनही उष्णता बाहेर पडत नाही. खात्री करण्याची रीत सोपी आहे. इंजिन तापवून बंद करावे आणि रेडिएटरच्या जाळीवरून हाताचा तळवा जपून फिरवावा. जिथे जाळी थंड लागेल तिथल्या नळ्या बुजल्या समजाव्या. झाकण मात्र गाडी पूर्ण निवल्याशिवाय उघडू नये. बुजलेला रेडिएटर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा, आणि नंतर त्यात शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांखेरीज काही घालू नये. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू चढवते आणि गंज थोपवते, आणि या दोन्ही गोष्टींची गरज मराठवाड्याइतकी क्वचितच कुठे असेल.

पद्मिनीवाल्यांचे उन्हाळी दुखणे निराळे. नांदेडास मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पलीकडे जाणे नवलाचे नाही, आणि अशा दुपारी चांगली चालणारी गाडी सिग्नलला उभी राहिल्याबरोबर बंद पडते. इंजिनाच्या अंगाला जडवलेल्या पेट्रोल पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा द्रव ओढण्यासाठी केलेला असल्यामुळे वाफ त्याला आवरत नाही. पंपावर ओले फडके गुंडाळून थोडा वेळ थांबले की वाफ पुन्हा द्रवरूप होते आणि गाडी निमूट सुरू होते. हा उपाय सर्वश्रुत आहे. परंतु पंपाखालची जाड उष्णतारोधक पॅकिंग शाबूत आहे का आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून तर जात नाही ना, हे पाहिल्यावाचून केवळ फडक्यावर विसंबणे म्हणजे तात्पुरती तजवीज झाली.

या साऱ्या कारागिरीत मला सर्वांत प्रिय काम म्हणजे पॉईंट लावणे. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण दोन क्लिपा सोडवून बाजूला करावे, रोटर उचलावा, आणि गाडी टॉप गिअरमध्ये घालून कोणाला तरी हळूहळू ढकलायला सांगावे, म्हणजे मधला कॅम फिरत फिरत आपल्या उंचवट्यावर येतो आणि पॉईंट पुरते उघडतात. त्या क्षणी खाली वाकून पाहिले तर एका टोकावर सूक्ष्म खळगा आणि समोरच्या टोकावर तेवढाच उंचवटा दिसतो. हा प्रकार थोडक्या अवधीत पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर दोष पॉईंटचा नसून शेजारच्या कंडेन्सरचा असण्याचा संभव फार. साधारण 0.4 मिलिमीटरची फिलर गेजची पाती त्या फटीतून सरकवावी. ती सैल जाता कामा नये आणि अडताही कामा नये, नुसती चाटून गेल्याची जाणीव बोटांना व्हावी. कॅमवर घासणारी टाच झिजली की फट अरुंद होते, ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढेनाशी होते आणि तापूही लागते. म्हणूनच चढावर तापणाऱ्या जुन्या गाडीच्या मालकाला आम्ही रेडिएटरबरोबर टायमिंगचीही विचारपूस करतो.

अलीकडे पेट्रोलमधील 20 टक्के इथेनॉल हा आमच्या बैठकांचा मुख्य विषय झाला आहे. मांजरेच्या खोऱ्यात ऊस पिकवणारे शेतकरी आमच्यातच बसतात, त्यामुळे या विषयाला दोन्ही बाजू आहेत आणि दोन्ही मनापासून मांडल्या जातात. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे या मिश्रणाने फुगतात, चिरतात, टाकीच्या तळाचा गाळ सुटून जेटमध्ये अडकतो, इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, हेही खरे. यावर आमचा एकमुखी निर्णय असा की नळ्या आणि पडदे या इंधनाला टिकणारे घालावेत, टाकीनंतर फिल्टर बसवावा, आणि पेट्रोल महिनोन्महिने टाकीत साठवून गाडी उभी ठेवू नये.

एक मर्यादा आम्ही कटाक्षाने पाळतो. ब्रेक आणि स्टिअरिंग यांविषयी ऐकीव सल्ला कोणी देत नाही आणि घेतही नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि कोणी पाण्यातून गाडी घातली असेल, तर ब्रेक उघडून तपासल्याखेरीज तिने हमरस्त्यावर जाऊ नये, अशी ताकीद मात्र देतो. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर उचललेल्या गाडीखाली शिरण्याची परवानगी आमच्या अंगणात कोणालाही नाही. वीट तडकते ती पूर्वसूचना देऊन तडकत नाही.

अखेरीस वाचकांस एवढेच सांगणे आहे. आपल्या गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बिघडले, कोणाच्या सांगण्यावरून काय केले आणि त्याने काय झाले, हे तिच्यात लिहा, आणि त्या महिन्यात घरी काय घडत होते तेही दोन ओळींत नोंदवा. सल्ला देणाऱ्याला परिणाम अवश्य कळवा, गुण आला तरी आणि न आला तरी. कारखाने बंद झालेल्या या गाड्या पुढच्या पिढीच्या हाती चालत्या स्थितीत सोपवायच्या असतील, तर अशा प्रामाणिक नोंदींवाचून दुसरा आधार नाही.