चाके मोठी, वाट तीच



डहाणू रोड स्टेशनाच्या बाहेर सकाळी सातच्या सुमारास उभे राहा. पालघर जिल्ह्याची अर्धी शेती तुमच्या डोळ्यांपुढून चाकांवर जाते. चिकूचे क्रेट, ढोबळी मिरचीची पोती, काकडी, शिराळी, दुधी. कोणी टेम्पोतून आणतो, कोणी रिक्षातून, तर कोणी जुन्या मारुती व्हॅनमधून. ही व्हॅन 1984 साली बाजारात आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले आणि 2019 साली ती बनणे बंद झाले. पण आपल्या भागातल्या वाड्यांतून आणि पाड्यांतून ती अजून निवृत्त झालेली नाही.

अशाच एका व्हॅनमधून केलेल्या प्रवासाची हकीकत आज सांगणार आहे. हकीकतीत चूक आहे आणि ती माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तलासरी तालुक्यात उधव्याच्या बाजूला एका पाड्यावर आमचा एक तरुण शेतकरी राहतो. पावसाळ्यात वेलभाज्या, पुढे मिरची, खाली खाचरात भात. त्याची व्हॅन 2008 सालची. पंधरा वर्षे झाल्यावर तिची नोंदणी त्याने रीतसर पुन्हा करून घेतली. पाड्यावर दुसरी मोटार नाही. त्यामुळे माल तिच्यातून जातो तसे आजारी माणूसही तिच्यातूनच जाते.

गेल्या वर्षी वैशाखात मिरचीवरच्या चुरडामुरड्याची पाहणी करायला मी त्याच्याकडे गेलो होतो. निघता निघता त्याने विचारले, "साहेब, पावसात वाटेवर गाडी खालून घासते. मोठी चाके टाकू का?"

मी पायात चपला सरकवत म्हणालो, "टाक की. चाक मोठे असले म्हणजे गाडी उंच होणारच."

एवढेच बोलणे. पण खेड्यात साहेबाच्या तोंडून पडलेले वाक्य वाऱ्यावर जात नाही. मिरचीच्या औषधाबद्दल मी बोलतो ते शिकून बोलतो. चाकाबद्दल बोललो ते उंटावरून शेळ्या हाकणे झाले. त्याने मात्र मिरचीचे पैसे मोडून जुन्या बाजारातून चार रिमे आणि चार टायर आणले.

श्रावणात एका रात्री पाड्यावरच्या एका लेकीला कळा सुरू झाल्या. तिला, तिच्या आईला, सुईणीला आणि आणखी दोघांना घेऊन व्हॅन निघाली. ओहोळाच्या वळणावर गाडी पूर्ण वळवताना भरलेल्या गाडीचे पुढचे चाक आतल्या पत्र्याला घासले आणि टायरची बाजू चिरली. भर पावसात चाक बदलायला काढले, तर सुटे चाक जुन्या लहान मापाचे! तेच लावून, एका बाजूला कललेली गाडी बैलाच्या चालीने हाकत त्याने तलासरी गाठली. देवाची कृपा, बाळबाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या वळणावर पाऊण तास गेला, आणि तो कोणामुळे गेला हे मला ठाऊक होते.

गौरी-गणपती उठल्यावर मी त्याला निरोप धाडला, "डहाणूला माल घेऊन येशील त्या दिवशी परतताना मला बरोबर घे. गाडी आणि वाट दोन्ही पाहू."

निघालो. डहाणू सोडताना चिकूच्या वाड्यांची दाट सावली लागते. 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला आणि मोठ्या कारखानदारीला लगाम बसला. म्हणूनच औष्णिक वीजकेंद्राची चिमणी सोडली, तर इथले क्षितिज अजून झाडांचेच आहे. ज्या मुलखाचे पोट शेतमालावर, त्या मुलखात गाडीचे चाक हा काही शौकाचा विषय नव्हे.

आशागड मागे पडले. गंजाड आले. हे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे गाव. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलेले आणि उतारावर नागली. रिकामी गाडी डांबरावर छान पळत होती. मी म्हणालो, "चाके तर बरी चालताहेत!"

तो हसला. "रिकामी आहे ना साहेब. आणि काटा बघा, साठ दाखवतो, पण गाडी जास्त पळते असं वाटतं."

त्याचे वाटणे खरे होते. चारोटी नाक्यावर चहा घेताना मी वहीवर गणित मांडले. तुम्हीही समजून घ्या, कारण ते टायरवरच लिहिलेले असते.

या व्हॅनचे मूळ टायर 145 आर 12 एलटी या मापाचे. 145 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 12 म्हणजे रिमचे इंच, आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बांधलेला टायर. असे चाक सुमारे 54 सेंटिमीटर उंच भरते. त्याने बसवले होते 155/80 आर 13. यातला 80 हा आकडा सांगतो, की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के आहे. हे चाक सुमारे 58 सेंटिमीटर भरते. म्हणजे चाक साधारण चार सेंटिमीटरने वाढले. पण गाडी किती उचलली? त्याच्या निम्मीच. चाकाचा आस मध्यावर असतो ना! वरची वाढ वर गेली, खालची तेवढी खाली आली. एवढा खर्च करून मिळाले जेमतेम दोन सेंटिमीटर.

त्या बदल्यात काय गेले तेही पाहा. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. काटा 60 दाखवतो तेव्हा वेग 64 च्या आसपास असतो. ओढ तेवढीच कमी होते, म्हणून चढावर क्लच जळू लागतो. ब्रेकलाही जास्त जोर लागतो. आणि रिम मोठे म्हणजे चाक मोठे असेही नाही. 155/65 आर 13 हा टायर घेतला, तर रिम एक इंचाने मोठे असूनही चाक मूळच्यापेक्षा लहानच भरेल.

तिसरी गोष्ट भाराची. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो. तो भार सांगतो. 75 म्हणजे एका टायरला 387 किलो, 79 म्हणजे 437, 82 म्हणजे 475, आणि 86 म्हणजे 530 किलो. दिसायला मोठा टायर मोटारीचा असेल, तर माणसे वाहायला तो ठीक. वीस-वीस किलोचे क्रेट रचले, की त्याची बाजू दबते, तापते आणि फुटते. मूळ टायरवर हा आकडा जेवढा आहे, त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नका.

हे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग साहेब, तुम्ही तवा का नाय सांगितलं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी म्हणालो, "तेव्हा मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही असे म्हणायला जीभ रेटली नाही."

चारोटीहून महामार्गाने उत्तरेला वळले, की विवळवेढ्याची महालक्ष्मी लागते. चैत्री पौर्णिमेला इथे जत्रा भरते तेव्हा पाड्यापाड्यांतून भरभरून गाड्या येतात. देवळाकडे पाहून त्याने स्टिअरिंगवरून हात उचलून कपाळाला लावला. पुढे धुंदलवाडी. नोव्हेंबर 2018 पासून या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा इथल्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. मग दापचरी. मुंबईचे गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी इथे मोठा दुग्धप्रकल्प उभारला होता. तलासरीच्या नाक्यावर डाव्या हाताला झरी राहते. तिथल्या वारल्यांनी 1945 साली गोदूताई परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध मान ताठ केली. आम्ही उजव्या हाताला उधव्याच्या रस्त्याला लागलो.

डांबर संपले आणि खरी परीक्षा सुरू झाली. गाडीत आम्ही दोघेच, तरी धाडकन आवाज आला. मी खाली उतरलो, वाकून पाहिले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर जो लोखंडी गोळा असतो, ज्याला मिस्त्री हाउसिंग म्हणतात, तो वाटेच्या मधल्या उंचवट्यावर टेकला होता. दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल गेल्या होत्या आणि मधली वरंब्यासारखी पट्टी तशीच उभी होती.

आपले आजे लाकडी चाकाची गाडी हाकत. तुंबा, आरे, पाटे आणि वर लोखंडी धाव. चाक छातीएवढे. चाकोरी कितीही खोल गेली, तरी आख वर राही. पुढे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. चाके लहान, पण बेअरिंग आणि हवा यांमुळे बैल जास्त ओझे ओढू लागले. लहान चाकाला मात्र वाट नीट लागते. मोटारीचेही तसेच. लाकडी चाकाएवढी उंची व्हॅनला कोणी देऊ शकत नाही.

पाड्यावर पोचल्यावर आम्ही पट्टी घेऊन बसलो. मागचे पाटे थकून सपाट झाले होते, म्हणून माल भरला की गाडी बसे आणि सायलेन्सर घासे. गाडी अशी बसली, की मोठे चाक पत्र्याला लागणारच. पाटे नीट केले तर हे थांबेल. पण हाउसिंग आसावरच असते. पाटे कितीही उचलले, तरी ते उठत नाही. त्याला उपाय दोनच, चाक किंवा वाट. चाकाने दोन सेंटिमीटर दिले होते. वाट किती देईल?

इथे मात्र मी माझ्या विषयात होतो. वाट बिघडते पाण्याने. उताराचे पाणी वाटेत शिरते, चाकोरी धरून धावते आणि माती नेते. शेताची बांधबंदिस्ती करतो तशीच वाटेचीही करावी लागते. दिवाळीनंतर भात झोडून झाल्यावर पाड्यावरची माणसे, बायामाणसेसुद्धा, चार दिवस घमेली-फावडी घेऊन आली. समपातळी रेषा आखतो त्याच ए-आकाराच्या लाकडी चौकटीने मी उतार काढून दिला. वरच्या अंगाला चर खणला. वाटेला आडवे, थोडे तिरके बांध घालून पाणी बाजूला काढले. मधली पट्टी खणून चाकोऱ्यांत घातली, वर मुरूम दाबला. ओहोळात सपाट दगड बसवले आणि वळण दोन हात रुंद केले. दोन सेंटिमीटरसाठी त्याने मिरचीचे पैसे घातले होते. वाटेने घामाच्या मोलात वीतभर दिली.

त्याने ती रिमे विकली. निम्मे पैसे परत आले. मागचे पाटे बदलले, आणि मूळ मापाचे टायर सुट्या चाकासकट पाचही घेतले. सुटे चाक निराळ्या मापाचे ठेवू नका. मागच्या, म्हणजे इंजिनच्या ओढीच्या चाकांत एक लहान आणि एक मोठे असले, तर हाउसिंगमधले दाते झिजतात.

ज्यांच्याकडे जुनी व्हॅन किंवा पिकअप आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. टायर घेताना त्याच्या बाजूवर चार आकडे शोधा. 2324 असेल तर तो 2024 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून जुना टायर गळ्यात पडायला नको. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. माल भरणार असाल, तर गाडीच्या पुस्तकात भरल्या गाडीसाठी दिलेली हवा ठेवा. माप बदलायचेच असेल, तर गाडी बनवणाऱ्याने त्या नमुन्यासाठी मान्य केलेल्या मापातच बदला. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ बनावटीपासून वेगळा फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात झालाच, तर विम्याच्या वेळी तंटा उभा राहतो, तो वेगळा.

यंदा आषाढात भर पावसात मी पुन्हा त्याच वाटेने गेलो. एका बांधाजवळ थोडी माती वाहिली होती, ती त्याने वाटेतच फावड्याने ओढून घेतली. बाकी वाट टिकली होती. ओहोळाच्या वळणावर गाडी न थांबता वळली. वळताना तो माझ्याकडे पाहून काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

पाड्यावर ती लेक माहेरी आली होती. बाळ अंगणात रांगत होते. आजीने चहा ठेवला आणि विचारले, "सायब, कोंबड्या मरतात, काय दवा देऊ?"

मी म्हणालो, "आजी, हे मला नीट ठाऊक नाही. उद्या पशुवैद्यांना विचारून तुम्हाला सांगतो."