एका आट्याचा फरक

आमचे अब्बा जीप चालवत. देवळा-सटाणा, देवळा-मालेगाव अशा त्यांच्या फेऱ्या असत. जीप मूळची पेट्रोलवरची. त्या काळी डिझेल बरेच स्वस्त पडे, म्हणून अनेकांनी आपल्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले. अब्बांनीही घेतले. समोरच्या तेलाच्या काट्यावर त्यांची सतत नजर असे. आम्हा भावंडांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "तेलाचा काटा पडला की आधी चावी बंद, मग चौकशी."

अब्बा गेले, जीपही गेली. ते वाक्य मात्र गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या उपयोगी पडले.

माझा धाकटा भाऊ पिकअप चालवतो. शेतकऱ्यांचा कांदा उमराणे, पिंपळगाव, लासलगावच्या बाजारात पोहोचवायचा, हा त्याचा धंदा. ऐन उन्हाळ कांद्याच्या हंगामात त्याच्या गाडीचे इंजिन जॅम झाले. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याने जुने पण चालू इंजिन घ्यायचे ठरवले. कंपनी तीच, इंजिन मात्र नंतरच्या दुसऱ्या गाडीतले. पैसे कमी पडले, तेव्हा मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मी काढून दिली. मुलगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला होता.

कागदपत्रांचे काम मी अंगावर घेतले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो आणि नवा इंजिन क्रमांक आरसी बुकावर चढवून घ्यावा लागतो. अर्ज मी लिहिला, विमा कंपनीलाही कळवले. कागद माझ्याकडे, पाने-पान्हे त्याच्याकडे, अशी आमची वाटणी. सगळे व्यवस्थित झाले, असे मला वाटले.

एक गोष्ट राहून गेली होती. ऑइल फिल्टर घेताना त्याने दुकानात नेहमीप्रमाणे गाडीचे नाव सांगितले. दुकानदाराने त्या गाडीचा फिल्टर दिला. त्याचे काही चुकले नाही. जे मागितले ते त्याने दिले. इंजिन बदलले आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. फिल्टर दिसायला नेहमीसारखाच होता. सुरुवातीला जरा सैल गेला, दोन-तीन फेऱ्यांनंतर घट्ट लागला. गाडी चालू झाली, कुठे गळती दिसली नाही. भावाने दोन दिवस गाडी रिकामी फिरवली आणि तिसऱ्या रात्री शेजारच्या काकांचा कांदा भरून पिंपळगावला निघाला.

देवळ्याहून चांदवडकडे जाताना घाट लागतो. भरल्या गाडीने चढ चढताना तेलाचा लाल दिवा लागला. पुढे थोडा सपाट रस्ता होता, तिथपर्यंत गाडी रेटण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण तो अब्बांचा मुलगा. त्याने त्याच क्षणी चावी फिरवली. उतरून पाहतो तर इंजिनाखाली काळे तेल पसरलेले आणि फिल्टर हाताने हलतो आहे. रात्री दीड वाजता त्याचा फोन आला, "आपा, तेल सगळं रस्त्यावर गेलं." मी पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाचा, त्याचा नाही. याची लाज मला आजही वाटते.

तेलाविना इंजिनातली बेअरिंगे फार वेळ तग धरत नाहीत. वेळेवर बंद केल्याने ती वाचली. काकांचा माल दुसऱ्या गाडीने गेला, लिलावाला उशीर झाला. आम्ही त्यांना भाडे द्यायला गेलो, तर त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

दोन दिवसांनी मी सुट्टी घेतली आणि भावाबरोबर मालेगावला एका वयस्कर मिस्त्री चाचांकडे गेले. त्यांनी दोन फिल्टर माझ्यासमोर ठेवले. "बाजी, यात काय फरक आहे?" मला काहीच दिसेना. मग त्यांनी मापाची पट्टी लावली. एका फिल्टरचा आटा २० मिलिमीटरचा, दोन आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर. दुसऱ्याचा आटा पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचात १६ आटे. व्यासात एक मिलिमीटरचाही फरक नाही. २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो. आट्यांची टोके तेवढी एकमेकांना धरतात आणि अंतर जुळत नसल्याने तो मध्येच अडतो. लावणाऱ्याला वाटते, घट्ट बसला. तेलाचा दाब वाढला की तो सुटतो.

मी वर्गात उर्दू शिकवते. 'खुदा' आणि 'जुदा' लिहिताना अक्षराचे अंग तेच असते. नुक्ता वर दिला तर खे, खाली दिला तर जीम. मराठीच्या तासाला 'दिन' आणि 'दीन' समजावते. एका नुक्त्यावरून, एका वेलांटीवरून मुलांचे गुण कापणारी मी, आणि घरात एका आट्याने एवढा अनर्थ होता होता राहिला.

चाचांनी आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. घरात गाडी असलेल्यांच्या कामी येतील म्हणून लिहिते. इंजिन बदलले की फिल्टर इंजिनाच्या नावाने घ्यायचा, गाडीच्या नाही. आटा जुळला तरी रबरी रिंग नेमकी बैठकीवर बसते का ते पाहायचे, आणि जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने तपासायचे. फिल्टरमध्ये एक झडप असते. कागद चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट झाले की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते, कारण इंजिनाला तेलच न मिळण्यापेक्षा न गाळलेले तेल बरे. ती किती दाबाला उघडावी हे इंजिन बनवणारा ठरवतो. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून नंबर जुळवायचा. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर तेल परत उतरू न देणारा रबरी पडदा आत हवाच, नाहीतर रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडे फिरते. इंजिन दुसऱ्या गाडीत बसवल्यावर फिल्टर चासीला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला घासत नाही ना, हेही बघायचे. लावताना रिंगला तेलाचे बोट फिरवायचे आणि रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरी आवळायचे.

परतताना बसमध्ये भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपा, डब्यावर नंबर लिहिलेला होता. मला वाटलं होतं तुला विचारावं."

"मग विचारलं का नाहीस?"

"नववीत इंग्रजीचं पान वाचताना अडखळलो होतो, तेव्हा तू सगळ्यांसमोर हसली होतीस. तेव्हापासून तुझ्यासमोर काही वाचायचं म्हटलं की नको वाटतं."

मला तो प्रसंग आठवतही नव्हता. त्याच वर्षी त्याने शाळा सोडली होती. इतकी वर्षे मी समजत होते की त्याला शिकायचेच नव्हते. शिक्षकी पेशात मी शेकडो मुलांना सांगितले असेल, "कळलं नाही तर विचारा." पण ज्याला मी सर्वांत आधी शिकवले, त्याच्यासाठी विचारण्याची वाट मीच बंद केली होती. बसमध्येच मी त्याची माफी मागितली. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "जाऊ दे, आपा." पण त्याने माझ्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

आता त्याच्या गाडीत एक छोटी वही असते. इंजिनाचा क्रमांक, फिल्टरचा नंबर, आट्याचे माप, तेल बदलल्याची तारीख. अक्षर वेडेवाकडे आहे, पण त्याचे आहे. अडले की फोन करतो आणि अक्षरे एकेक करून वाचून दाखवतो. मी मध्ये बोलत नाही.

जुन्या इंजिनात आधीची घाण असते, म्हणून चाचांनी पहिला फिल्टर लवकर बदलायला सांगितला होता. काही दिवसांनी भावाने तो काढला, पत्रा कापला आणि आतला घड्यांचा कागद पांढऱ्या कापडावर पसरला. त्यात धातूचे चमकणारे कण असते, तर इंजिन आतून झिजत आहे असे समजायचे. माझी मुलगीही बघायला येऊन बसली होती. तिचा प्रवेश झाला; भावाने हंगामातल्या फेऱ्यांमधून रक्कम वेळेत परत केली होती.

तिने टॉर्च धरला. आम्ही तिघांनी कागदाची एकेक घडी उलगडून पाहिली. काळे तेल होते, चमक कुठेच नव्हती.

"अल्हम्दुलिल्लाह," भाऊ म्हणाला, आणि वहीत तारीख लिहायला बसला.