पहिल्या बिलानंतरचा खर्च

महसूल खात्यातली माझी बरीचशी नोकरी लेखा शाखेत गेली. पुढे संगणकाचं टेबलही माझ्याकडेच आलं. तालुक्यांच्या मागण्या माझ्याकडे यायच्या आणि पैसा कुठून, कधी येतो हेही मलाच दिसायचं. या दोन गोष्टींचा मेळ क्वचितच बसायचा.

तहसील कार्यालयाला संगणक किती हवेत, हा आकडा कामावरून निघायला हवा. प्रत्यक्षात तो अनुदानावरून निघायचा. जिल्हा वार्षिक योजनेतली किंवा विभागाची तरतूद फेब्रुवारीत शासनाच्या निधीवाटपाच्या बीम्स प्रणालीवर दिसायला लागायची आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडली नाही तर व्यपगत व्हायची. मग तहसीलला फोन जायचे, ‘संध्याकाळपर्यंत मागणी पाठवा.’ संध्याकाळी येणारी मागणी म्हणजे मागच्या वर्षीचंच पत्र, तारीख तेवढी नवी. त्यावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. २०१६ मध्ये सरकारी खरेदीचं जीईएम पोर्टल आलं आणि खरेदी पुष्कळ सोपी झाली, दर सगळ्यांना दिसू लागले, हे मी आवर्जून सांगेन. पण आणलेली वस्तू पाच वर्षं चालवायची कशी, हा प्रश्न खरेदीच्या आधीचा आहे. त्याचं उत्तर कार्यालयानेच शोधायचं असतं.

अर्थसंकल्पात ‘१७ संगणक खर्च’ हे एक उद्दिष्टशीर्ष आहे आणि ‘१३ कार्यालयीन खर्च’ हे दुसरं. नवी यंत्रं योजनेच्या पैशातून यायची. त्यांचा रोजचा खर्च, म्हणजे टोनर, यूपीएसच्या बॅटऱ्या, बिघडलेला प्रिंटर, हा बहुतेक वेळा कार्यालयीन खर्चावर येऊन पडायचा. त्याच पैशातून विजेचं बिल, टेलिफोन, टपाल, स्टेशनरी भागवायची. वीज तोडायला माणूस दारात उभा असताना बॅटरीचा प्रस्ताव कुणी पुढे करत नाही.

एका तहसीलमध्ये याचा परिणाम मी समोर पाहिला. यूपीएसची वॉरंटी संपली, देखभालीचा करार झालाच नाही आणि बॅटऱ्या एकेक करून गेल्या. जून महिना होता. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होते, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी सेतूच्या खिडकीवर रांग होती. वीज गेली की भरलेले अर्ज पुसले जायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पोरांना घेऊन एसटीने आलेल्या बायका शेवटची गाडी चुकेल म्हणून काम तसंच टाकून निघून जायच्या. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र सगळे यूपीएस शिल्लक होते. वस्तू आहे की नाही एवढंच ती वही सांगते. चालते की नाही, यासाठी तिच्यात रकानाच नाही. निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू वहीतून कमी करण्याची, प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पुढच्या मागणीच्या वेळी वरून विचारणा होते, ‘तुमच्याकडे इतके संगणक असताना आणखी कशाला?’

विंडोज एक्सपीचंही तेच. ८ एप्रिल २०१४ नंतर तिला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, हे कंपनीने फार आधी जाहीर केलं होतं. म्हणजे दोन-तीन अर्थसंकल्पांत थोडी थोडी तरतूद करून यंत्रं बदलता आली असती. त्या तारखेनंतरही कितीतरी टेबलांवर एक्सपीच चालू होती.

पण यंत्रांहून मोठा धडा मला सातबाराच्या संगणकीकरणाने दिला. भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये आला. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. हस्तलिखित उताऱ्यांवरून नोंदी संगणकात भरताना चुका राहिल्या होत्या. कुठे खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नव्हती, कुठे मंजूर झालेल्या फेरफाराचा अंमल उताऱ्यावर आलेलाच नव्हता, कुठे पोटखराबा लागवडीच्या क्षेत्रात मिसळला होता. संगणकात चुकीचं गेलेलं संगणक बरोबर करत नाही. ते काम तलाठ्यांनी केलं, मूळ अभिलेख समोर ठेवून, एकेक गट तपासत.

२०१७ च्या उन्हाळ्यात चावडीवाचन झालं. गावोगाव लोकांना जमवून संगणकातले सातबारे मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या. मी एका गावात देखरेखीसाठी गेले होते. तलाठी वाचत होता आणि एका सामाईक खात्यापाशी मागून आवाज आला, ‘तात्या, आमच्या थोरल्याचं नाव कुठाय?’ चार भावांपैकी एकाचं नाव भरायचंच राहिलं होतं. पेरणी तोंडावर आलेली, पीककर्जाला सोसायटी सातबारा मागणार, आणि ज्याच्या नावावर कर्ज काढायचं त्याचंच नाव गायब. फेरफाराची नोंदवही काढली, नोंद सापडली. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो, तसा प्रस्ताव तहसीलदारांकडे गेला. मागून बोलणारा तो माणूस बैठकीला आला नसता तर ती चूक आणखी कितीक वर्षं तशीच राहिली असती.

या कामासाठी तलाठ्यांनी रात्री जागवल्या. दिवसा सर्व्हरवर इतका ताण यायचा की एक पान उघडायला वेळ लागायचा, म्हणून ते मध्यरात्री, पहाटे बसायचे. काहींनी स्वतःच्या पैशाने लॅपटॉप घेतले, नेटचा खर्च पदरचा केला. तहसीलच्या ठिकाणी रेंज मिळते म्हणून तिथल्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून काम करणारे तलाठी मी पाहिले आहेत. माझ्यापुढून गेलेल्या कुठल्याही प्रस्तावात त्यांच्या या तासांची किंमत धरलेली नव्हती. सर्व्हर, जोडणी, प्रशिक्षण यांचे आकडे होते. माझ्या मते त्या प्रकल्पातली सगळ्यात मोठी गुंतवणूक तलाठ्यांचा वेळ हीच होती.

त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीला मी पाच वर्षांचा तक्ता जोडायला लागले. पहिल्या वर्षाची खरेदी, मग दरवर्षीची देखभाल, बॅटऱ्या, टोनर, जोडणीचं भाडं, नव्याने बदलून येणाऱ्या कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण, जुन्या नोंदी आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे दिवस, शेवटी निर्लेखन आणि ई-कचऱ्याची विल्हेवाट. एक सहकारी म्हणाले, ‘मॅडम, एवढा मोठा आकडा दिसला तर प्रस्तावच परत येईल.’ त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं. म्हणून आम्ही संगणकांची संख्या कमी केली आणि त्याच रकमेत मोठ्या मुदतीची वॉरंटी, मोजक्या पण चांगल्या बॅटऱ्या बसवल्या. तालुक्यांची नाराजी झाली, कारण टेबलं रिकामी दिसत होती. काही प्रस्ताव काटछाट होऊन मंजूर झाले, काही परत आले. जे मंजूर झाले त्या कार्यालयांत पुढच्या जूनमध्ये खिडकी बंद पडली नाही. अर्ज घेणारी दोन यंत्रं दिवसभर चालतात तेव्हा बंद पडलेल्या सहांपेक्षा लोकांचं काम जास्त होतं.

आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो. २०१८ च्या महाराष्ट्रदिनी ही सेवा सुरू झाली आणि माझ्या खात्याने केलेल्या कामाचा मला अभिमान आहे. ती सेवा चालू ठेवायची तर सर्व्हर, जोडणी आणि तलाठ्याच्या हातातलं यंत्र यांना दरवर्षी पैसे लागणार, नव्या योजनेची घोषणा होवो वा न होवो.

संगणकाच्या प्रस्तावांवर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. फाइल पुढे आली की तिसऱ्या वर्षाचा खर्च कोणत्या शीर्षातून होणार, हे लेखी विचारा, आणि त्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला एकदा बोलावून त्याला खरंच काय लागतं ते विचारा. ही दोन उत्तरं फाइलला लागल्याशिवाय सही करू नका.