पाणी किती फुटावर?

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की एक प्रश्न हमखास निघतो, ‘किती फुटावर लागलं?’ काय लागलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत उत्तर पन्नास-साठ फुटांचं असायचं. मग दोनशे झालं, मग चारशे. आता आठशे-नऊशे फूट खाली जाऊनही नुसता फुफाटा निघाल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकू येतात. बोअरची गाडी रात्रभर घरघरते, सकाळी निघून जाते. मागे राहतो केसिंगचा पाइप, त्याच्या तोंडावर ठेवलेला दगड आणि कर्ज.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. भूगर्भशास्त्र हा माझा विषय नाही. पण माझ्या वर्गातली काही मुलं दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनी दोन एकरांत तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे. त्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. ती दोन हंगाम झाले तरी फिटलेली नाही. मुलगा हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, आणि हजेरीपटात त्याच्या नावापुढे पाच महिने गैरहजेरी आहे. त्याच्या वडिलांनी चौथ्या बोअरचं काढलं तेव्हा मी विचारलं, ‘चौथ्याला पाणी लागेल कशावरून?’ ते म्हणाले, ‘सर, खाली पाणी तर असतंच ना. आपण पोचलो नाही एवढंच.’

हे एकच वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. शिकलेल्यांच्याही. जमिनीखाली कुठेतरी समुद्र आहे आणि पुरेसं खोल गेलं की तो लागतो, अशी ही समजूत. आपल्या खडकाबाबत ती खरी नाही. का नाही, हे समजून घ्यायला मी जे वाचलं, ज्यांना विचारलं, ते इथे मांडतो.

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसाल्ट नावाच्या काळ्या दगडाचा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. आज हा दगड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. इंग्रजीत त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला आहे. मांजरसुंब्याच्या घाटातून जाताना डोंगराकडे नीट पाहिलं तर एकावर एक पायऱ्या दिसतात, त्याच या.

आपल्या डोंगराचं नावही बघण्यासारखं आहे. ‘बाला’ हा फारसी शब्द, अर्थ वरचा. ‘घाट’ आपला. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. त्याची जोडी पायानघाट, म्हणजे घाटाखालचा. वऱ्हाडात हे दोन्ही शब्द चालायचे. आमच्या जिल्ह्याची भूरचना या नावातच आहे. पाटोदा, केज, अंबाजोगाई वर, आणि गेवराई, माजलगाव खाली गोदावरीच्या काळ्या मातीत.

प्रत्येक लाव्हाच्या थराची रचना साधारण सारखी असते. खालचा भाग घट्ट, भरीव. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, त्यामुळे तो भोकाभोकांचा. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा. विहीर खोदणाऱ्यांकडे या सगळ्याला नावं आहेत, आणि ती कोणत्याही पुस्तकाआधीची आहेत. झिजलेला, भुगा होणारा तो मुरूम. भोकाभोकांचा तो मांजऱ्या. घट्ट तो काळा पाषाण. पाणी मुरमात असतं, मांजऱ्यात असतं, पाषाणाच्या फटींत असतं आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. भरीव पाषाणात ते नसतंच, कारण राहायला जागा नाही. जसजसं खोल जावं तसतसा वरच्या दगडाचा भार वाढतो, फटी मिटत जातात. कधी एखाद्या खोल बोअरला सांधा सापडतो आणि पाणी उसळतं. त्याची बातमी पंचक्रोशीत होते. बाकीच्या कोरड्यांची होत नाही. शिवाय खोल गेलेला बोअर वरचा अडवून धरणारा थर भेदतो, मग शेजारच्या विहिरीत साठलेलं पाणीही खाली झिरपून जाऊ शकतं.

खाली किती दगड आहे, याचं एक पक्कं उत्तर आपल्या शेजारीच मिळालं, फार मोठी किंमत देऊन. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल भोक पाडून खडकाचे नमुने काढले. 338 मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली 8 मीटर गाळाचा थर, आणि मग त्याहून कितीतरी जुना, लाव्हाच्या आधीचा दगड. 338 मीटर म्हणजे साधारण अकराशे फूट. पश्चिमेला ही जाडी वाढत जाते, सह्याद्रीत ती दीड-दोन किलोमीटरपर्यंत पोचते. पण किल्लारीच्या हिशेबाने पाहिलं तर नऊशे फुटांचा बोअर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी रचलेले बहुतेक सगळे थर पार करून जाणं. तिथवर समुद्र लागला नाही तर पुढे तो असण्याची आशा कशी धरायची?

आमच्या मोहल्ल्यातल्या कब्रस्तानात कबर खोदणारे एक चाचा आहेत. शाळा पाहिलेली नाही. त्यांना एकदा विचारलं, खाली काय काय लागतं? म्हणाले, ‘मास्टरसाब, दो हात मट्टी, एक हात मुरूम, उसके नीचे सब्बल भी वापस आती.’ कब्रस्तानाच्या कुठल्या कोपऱ्यात लवकर पाषाण लागतो, कुठे पावसाळ्यात माती ढासळते, हे त्यांना तोंडपाठ आहे. मय्यत आली की जागा तेच दाखवतात. मला वाटतं, आमच्या मोहल्ल्यापुरता खडकाचा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. तो कागदावर आलेला नाही.

असाच डोक्यातला नकाशा कागदावर आणणारा एक माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. विल्यम स्मिथ, खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करायचं काम त्याच्याकडे होतं. खोदकामात दिसणारे थर पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं की ते ठरावीक क्रमाने येतात आणि प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे असतात. वर्षानुवर्षं फिरून त्याने 1815 मध्ये इंग्लंड-वेल्सच्या खडकांचा नकाशा छापला. चार वर्षांनी तो कर्जापायी तुरुंगात गेला. पुढे 1835 मध्ये ब्रिटनने सरकारी भूगर्भ सर्वेक्षण सुरू केलं, आणि 1851 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था उभी राहिली. तिचं पहिलं काम होतं कोळसा शोधणं. आमच्या काळ्या दगडात कोळसा नव्हता.

आपल्याकडचं काम स्मिथपेक्षा अवघडही आहे. लाव्हात जीवाश्म नसतात, आणि एक काळा थर दुसऱ्या काळ्या थरासारखाच दिसतो. मग भूवैज्ञानिक घाट चढत जातो, ओढ्यांच्या कडा आणि विहिरींच्या भिंती पाहतो, तांबड्या पट्ट्याची उंची नोंदवतो, हातोडीने तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतो. पाण्यासाठी आणखी एक रीत आहे. जमिनीत चार सळ्या रोवून वीज सोडतात. कोरडा पाषाण विजेला जास्त अडवतो, ओला मुरूम कमी. त्यावरून खालचा अंदाज बांधतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या हजारो विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये. तिचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी असतं. तरी बोअर घेणारा माणूस तिथे न जाता पाणाड्याकडे जातो. पाणाडी ओढ्याचा उतार पाहतो, झाडं पाहतो, त्या पाहण्यात अनुभव असतो. हातावरचा नारळ उभा राहण्यात काही नसतं. पण पाणाडी बांधावर येतो, मराठीत बोलतो. अहवाल इंग्रजीत असतो आणि फायलीत राहतो.

कायदाही आहे. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्यावर बंधन घालतो. 60 मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे दोनशे फुटांना कुणी खोल म्हणत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे भाषेकडे. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. मराठा, वंजारी, मुसलमान, सगळेच ते वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांत शेताची लांबी-रुंदी असते, हद्द असते, सारा असतो, कब्जेदाराचं नाव असतं. खोली कुठेच नसते. महसूल वरच्या जमिनीवर लागायचा, म्हणून मोजणी वरचीच झाली. जमीन, नकाशा, हद्द, मोजणीची जरीब, हे शब्द तिकडून मराठीत आले आणि घरचे झाले. खालच्या खडकाचे शब्द मात्र खोदणाऱ्यांच्या तोंडीच राहिले.

वास्तविक ते शिकवायची सोय याच संस्थानात होऊ लागली होती. हैदराबादला 1917 मध्ये दारुल तर्जुमा सुरू झालं, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ, आणि विज्ञान उर्दूतून शिकवायला लागले. भूगर्भशास्त्राला उर्दूत ‘तबक़ात-उल-अर्ज़’ म्हणतात, जमिनीचे तबक, म्हणजे थर. आपलं पानसुपारीचं तबक त्याच घराण्यातलं. ब्रिटनमध्ये तिथल्या सर्वेक्षण संस्थेने 1930 च्या दशकापासून एकेका प्रदेशाच्या खडकांवर छोटी पुस्तकं काढली, सामान्य वाचकाला कळतील अशी. आपल्या बालाघाटावर असं एखादं पुस्तक मराठीत किंवा उर्दूत माझ्या शाळेच्या कपाटात असतं, तर मुलांना मी ते निबंधाआधी वाचायला दिलं असतं.

खडक वाचता येणारी माणसं इथे होऊन गेली आहेत, त्याचा पुरावा बीडपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. खजाना विहीर. निजामशाहीत, 1582-83 च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. रचना राजा भास्कर यांची. भूमिगत मार्गाने पाणी विहिरीत येतं आणि बोगद्यातून उताराने शेतांकडे जातं. उपसा नाही, मोट नाही. तिच्यावर सगळा खजिना खर्च झाला म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बांधणाऱ्यांनी खोलीच्या मागे न लागता उतार पाहिला, पाणी कुठे मुरतं आणि कुठे वर येतं ते पाहिलं. खान मुसलमान, रचनाकार हिंदू, असं आपण भाषणांत सांगतो. त्यापलीकडे जाऊन ती विहीर चालते कशी, हेही मुलांना सांगायला हवं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मशिदीचा बोअर आटला. वुजूला टँकर आणावा लागला. कमिटीत दोन मतं पडली. एक, चंदा जमवून आठशे फूट जाऊ. दुसरं, आवारातली बुजलेली जुनी विहीर उपसू आणि छताचं पावसाचं पाणी तिच्यात सोडू. मी दुसऱ्या बाजूने बोललो. बीडचा पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. दोन हजार चौरस फुटांच्या छतावर तो पूर्ण पडला तर लाखभर लिटर पाणी होतं, एवढं गणित फळ्यावर मांडून दाखवलं. कबर खोदणारे चाचा म्हणाले, विहिरीत खाली मांजऱ्या आहे, पाणी धरेल. त्यांच्या बोलण्याने जास्त लोक पटले, माझ्या गणिताने कमी. विहीर साफ झाली, पाइप जोडले. काहींना अजूनही आठशे फूटच हवे आहेत, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी त्यांचं म्हणणं पुन्हा येईल.

मुलाच्या वडिलांचा चौथा बोअर तूर्त थांबला आहे. त्यांनी आधी भूजलवाल्यांकडे अर्ज द्यावा म्हणून तो मी लिहून दिला. अर्ज मराठीत आहे.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावात विहीर खोदणारे, कबर खोदणारे, बोअरच्या गाडीवर काम केलेले कुणी असतील तर त्यांना विचारा, कुठे किती हातांवर काय लागलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, जागा आणि तारीख टाका. एखादी जुनी विहीर निवडून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असे चार वेळा दोरी सोडून पाणी मोजा. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतात. चार वर्षांची अशी वही जवळ असली तर पुढच्या वेळी कुणी ‘अजून शंभर फूट’ म्हणेल तेव्हा समोर ठेवायला काहीतरी असेल.