आपट्याच्या पाटीखाली कांचन

संपादकांचा फोन आषाढात आला. "बोटॅनिकल गार्डनचा सामान्य माणसाला काय उपयोग, ते सोपं करून लिहा," म्हणाले. मी लगेच होकार दिला, कारण गेल्या कार्तिकातलं एक प्रकरण मनातून जात नव्हतं.

डोणगाव परिसरातल्या एका शाळेच्या बाई तेव्हा फांदी घेऊन आल्या होत्या. काही वर्षांपूर्वी शाळेनं आपट्याची म्हणून रोपं विकत आणली, मुलांच्या हातून लावली आणि प्रत्येक झाडाला नावाची पाटी केली. दर दसऱ्याला मुलं तिथंच उभी राहून आपट्याची माहिती सांगत. त्या वर्षी झाडं पहिल्यांदा फुलली. फुलं मोठी, जांभळट गुलाबी. बाईंना शंका आली. मी पाकळ्या बाजूला करून पुंकेसर मोजले. परागकोशासह पूर्ण वाढलेले तीनच निघाले. झाडं देवकांचनाची होती. "सर, मुलांना आता काय सांगू?" त्यांनी विचारलं.

झाडं राहू द्या, पाट्या बदला, एवढं तेव्हा सांगितलं. पण त्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर म्हणजेच हा लेख.

बोटॅनिकल गार्डन म्हटलं की लोकांना हिरवळ, कारंजं आणि फोटो काढायची जागा आठवते. तशी बाग गावाला हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण वनस्पती उद्यान वेगळं असतं. त्यातल्या प्रत्येक झाडामागे एक नोंद असते: शास्त्रीय नाव काय, रोप किंवा बी कुठल्या डोंगरावरून आलं, कोणी आणि कधी गोळा केलं, ओळख कोणी तपासली. फुलाफळांसह वाळवलेला नमुना कागदावर चिकटवून ठेवलेला असतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला शंका आली तरी पडताळा घेता येतो. इटलीत पादुआला १५४५ साली विद्यापीठाची बाग सुरू झाली, तीही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी यांतला फरक कळावा म्हणून. या बागांचं मूळ काम ओळख पटवणं हेच आहे.

आता आपटा आणि कांचन. हा विषय निघाला की मला थोडक्यात आवरता येत नाही. आपट्याचं पान लहान, बहुधा लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर; खालची बाजू करडी, बारीक लव असलेली. देवकांचनाचं पान बरंच मोठं, पातळ आणि साधारण अर्ध्यापर्यंत चिरलेलं. एवढ्यानं भागत नसेल तर फुलं बघावीत. आपटा उन्हाळ्यात फुलतो. फुलं लहान, फिक्या पिवळसर पांढऱ्या रंगाची, लांब तुऱ्यावर. पुंकेसर दहा आणि दहाही फलनक्षम. देवकांचन पावसाळा सरता सरता फुलतो, फलनक्षम पुंकेसर तीन, क्वचित चार. रक्तकांचन वसंतात फुलतो, त्याला पाच. आपट्याची शेंग जाड, वाकडी. ती न उकलता झाडावर महिनोन्‌महिने लटकते. कांचनाची शेंग चपटी, वाळली की तडकून पिळवटते आणि बिया दूर उडतात. फरक इतके आहेत की काही अभ्यासक आपट्याला कांचनांच्या बाउहिनिया या प्रजातीतून काढून पायलिओस्टिग्मा या प्रजातीत ठेवतात.

"पानं तं सारखीच दिसतात ना सर, मंग काय बिघडलं?" असं गावात विचारतात. बिघडतं ते असं. आपटा हा आपल्या कोरड्या पानगळीच्या रानातला, पळस, धावडा, सालईच्या सोबतीचा. त्याच्या सालीचे दोर वळत, पानांत विड्या बांधत. कांचन झटपट वाढतो, शोभिवंत फुलतो, म्हणून रोपवाटिकांत तोच भरपूर असतो. कांचनालाच आपटा म्हणायची सवय लागली की माळावरचा खरा आपटा तुटला तरी कोणाला चुटपुट लागत नाही, कारण शाळेत तर "आपटा" उभाच आहे. आणि दसऱ्याला ओळख नसलेले हात मिळेल त्या झाडाच्या फांद्या ओरबाडतात, दोन्ही झाडांचं नुकसान होतं.

ओळखीचा हा घोळ दसऱ्याच्या सोन्याच्या पानांवर थांबत नाही. रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा, लोक ज्याला अशोक म्हणतात तो सीताफळाच्या कुळातला. ज्याची साल अशोकारिष्टात पडते तो सीतेचा अशोक शेंगा धरणाऱ्या कुळातला, केशरी-लाल गुच्छांनी फुलणारा, आणि आता रानात विरळ झालेला. सालीच्या बाजारात एकाच्या नावावर दुसरा खपतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. कोरोनाच्या काळात लोकांनी कुंपणावरच्या वेली गुळवेल समजून उकळल्या. पुढं यकृताला इजा झालेले रुग्ण आले तेव्हा मूळ गुळवेलीचा दोष की तिच्यासारख्या दुसऱ्या जातीचा, यावर वाद पेटला. तो वाद इथं सोडवता येणार नाही. पण अशा वेळी पहिला प्रश्न "वेल नेमकी कोणती?" हाच असतो, आणि त्याचं उत्तर रुग्णाच्या घरच्या वेलीची फांदी कोणी जपली असेल तरच मिळतं. ती तपासायला लागणारा खात्रीचा नमुना वनस्पती उद्यानात मिळतो.

बागांनी याहून मोठी कामंही केली आहेत. कोलकात्याजवळच्या शिबपूरची बाग १७८७ साली उभी राहिली. रॉबर्ट किड यांनी ती सुचवताना दुष्काळात उपयोगी पडतील अशी साबुदाण्याची आणि खजुराची झाडं डोळ्यांसमोर ठेवली होती. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन जुन्नरजवळ हिवऱ्याला सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकवत. जंगलं तुटली की ओढे आटतात, हेही त्यांनी सरकारला बजावलं, आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मिळ कंदीलपुष्पांचे कंद आणि बिया वाढवल्या. हे काम पाहिलं की आपण याच शास्त्रातले आहोत याचा मला अभिमान वाटतो. मुंबईची राणीची बाग १८६२ पासून सामान्य माणसाला खुली आहे. तिथली जुनी झाडं वाचवायला नागरिकच उभे राहिले.

आमच्या बाजूला हे सगळं उशिरा पोचलं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पुण्या-साताऱ्याच्या अभ्यासकाला तो आजही हाताशी लागतो. पण वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता, म्हणून आमचा बुलढाणा जिल्हा त्यातून सुटला. जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुस्तक २००० साली आलं, तेही इंग्रजीत. पातूरमार्गे अकोल्याला गेलं की कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, आणि शेतकऱ्यानं, वैद्यानं, शिक्षकानं ते जरूर पाहावं. पण चौथीतल्या मुलाला रोज जाता-येता दिसेल असं ते नाही.

म्हणून डोणगावसाठी माझं मागणं साधं आहे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत दोन-चार गुंठे राखावेत. परदेशी शोभेची झाडं नकोत. आपटा, बिबा, चारोळी, टेंभुर्णी, मोई, अंजन, पळस, धावडा, सालई, हिवर अशी आपल्याच रानातली झाडं हवीत. बी खात्रीच्या झाडावरून, वनखात्याला विचारून आणावं. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं. शेजारी एक कांचनही मुद्दाम लावावा, म्हणजे मुलं दोन्ही पानं हातात धरून फरक सांगतील. बाईंच्या शाळेतल्या झाडांना ही नोकरी आयतीच मिळेल. आणि एक जाड नोंदवही ठेवावी. ती शाळेच्या मालमत्तेत चढवावी, कारण शिक्षकांची बदली होते आणि त्यांच्यासोबत माहितीही जाते.

इतकी वर्षं पाहतो आहे, वृक्षारोपणाचा फोटो छापून येतो, झाड कोणतं ते छापलं जात नाही. या गोष्टीचा आता थकवा येतो. तरी विचारायला येईल त्या प्रत्येकाची फांदी मी पाहून देईन. फक्त एक विनंती: नोंदवही नसेल तर त्या जागेला बाग म्हणा, उद्यान म्हणा, बोटॅनिकल गार्डन अशी पाटी लावू नका.